चित्त्याचे ठिपके आणि माझे हात

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. निमित्त आहे चित्ता!

मागच्या आठवड्यात मावशीकडे धाकट्या बहिणीचं केळवण होतं. पंगतीत एका काकूंनी माझ्या हातांकडे बघत आईला हळूच विचारलं, "अहो वहिनी, हे रक्तातच असतं ना हो?" माझ्या हातांवर कोड आहे. बारा वर्षं झाली, आता मला त्याचं काही वाटत नाही (असं मी म्हणते!). पण आईचा चेहरा पार उतरला.

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले आणि भरकटत २०१२ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या एका संशोधनापाशी पोचले. प्रश्न साधाच. चित्त्याचा ठिपका काळा आणि शेजारची कातडी पिवळी, असं का? त्यांनी चित्त्याच्या कातडीचे काळे आणि पिवळे तुकडे वेगवेगळे तपासले. कुठलं जनुक कुठे किती काम करतंय ते मोजलं. काळ्या भागात एडन-३ नावाचं जनुक जास्त जोरात चालू होतं. म्हणजे जनुकं दोन्हीकडे तीच, फक्त इथे दिवा मोठा आणि तिथे बारीक. ठिपके कुठे उमटायचे ते पिल्लू पोटात असतानाच ठरतं. त्यात टॅकपेप नावाच्या दुसऱ्या जनुकाचा हात असतो.

या टॅकपेपमध्ये बिघाड झाला की ठिपके एकमेकांत मिसळून जाड पट्टे होतात. तो 'किंग चित्ता'. १९२७ मध्ये पोकॉक यांनी त्याला चक्क वेगळी प्रजाती ठरवलं होतं. मग १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रजनन केंद्रात साध्या ठिपक्यांच्या माद्यांना तशी पिल्लं झाली आणि वाद मिटला. आपल्या ओडिशातल्या सिमिलिपालचे काळपट वाघही याच जनुकातल्या बदलामुळे तसे दिसतात, हे बंगळूरच्या उमा रामकृष्णन यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं.

माझं प्रकरण अर्थात वेगळं आहे. कोडात रंग तयार करणाऱ्या पेशींवर आपलीच प्रतिकारशक्ती उलटते. घरात कुणाला असेल तर इतरांना होण्याची शक्यता थोडी वाढते, हेही खरं. म्हणजे काकू अगदीच चूक नव्हत्या. पण 'रक्तात' म्हणताना त्यांना जे म्हणायचं होतं, ते मात्र चूक होतं. डाग हा काही घराण्याचा डाग नव्हे.

सकाळी चहा घेताना आईला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

खरंच की! तेव्हा मी भात वाढत होते, आणि काकूंचं ऐकून मी पहिलं काय केलं असेल, तर बाही खाली ओढली.

असो. लग्नाला मी बिनबाह्यांचं ब्लाउज शिवायला टाकलंय. काकू, वाचत असाल तर नक्की या.