खामकाठची राखलेली जमीन

आपल्या व्यापारी घरांत जमिनीचा विषय निघाला की पहिला प्रश्न भावाचा असतो. रिकामी जागा म्हणजे अडकून पडलेले भांडवल, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गेल्या वर्षी पावसाळा संपताना आमच्याही घरात असाच विषय निघाला. आजोबांनी घेतलेली गोदामामागची जागा एका ओढ्याच्या काठापर्यंत उतरत जाते आणि तो ओढा पुढे खाम नदीला मिळतो. दलालाने भाव चांगला सांगितला होता. खरेदीदाराची अट एवढीच होती की, ओढ्याकडचा उतार मलबा टाकून सपाट करून द्यावा. आमचे काका आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि म्हणाले, "आधी नदी पाहून येऊ, मग सहीचे बोलू." त्या रविवारी आम्ही काका-पुतणे पहाटेच निघालो. छत्रपती संभाजीनगरात जन्म काढूनही आपली नदी सलग कधी पाहिली नव्हती, हे त्या दिवशी प्रथम जाणवले.

खाम नदी शहराच्या उत्तरेला जटवाड्याच्या डोंगरात उगम पावते, हर्सूल तलावातून पुढे येते आणि जुन्या शहराच्या पश्चिम अंगाने दक्षिणेकडे वाहत जाते. पूर्वेकडे सुखना आणि पश्चिमेकडे खाम, अशा दोन प्रवाहांच्या मधोमध आपले शहर वसले. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी नावाची वस्ती याच नदीच्या आधाराने वसवली. उत्तरेकडच्या डोंगरांतले पाणी जमिनीखालच्या नहरींनी गावात आणून त्याने शहराची तहान भागवली. पुढे औरंगजेबाच्या काळात या नगराचा विस्तार झाला, तट उभे राहिले, दरवाजे झाले. नावे बदलत गेली, राजवटी बदलत गेल्या, पण बाजारपेठा ज्या पाण्यावर जगल्या ते पाणी याच डोंगरांतून येत होते.

हर्सूलहून आम्ही दिल्ली दरवाजाकडे आलो. येथे हिमायत बाग आहे. मुघल काळातील ही बाग सुमारे ३०० एकरांची आहे. शहराचा एवढा मोठा हिरवा तुकडा, तोही आजच्या भावाच्या जागेत, कसा टिकला असेल? उत्तर साधे आहे. ही बाग वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या फळ संशोधन केंद्राकडे आहे. येथे आंबा, चिंच, सीताफळ यांच्या झाडांवर काम चालते. चिंचेची 'प्रतिष्ठान' ही जात याच केंद्राने दिली. प्लॉट पाडण्याऐवजी कोणीतरी येथे कलमे बांधत बसले, म्हणून मोर, घुबडे आणि जुने वृक्ष यांना घर उरले. समोरचे पूर्वीचे खिजरी तळे आज थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांच्या नावाने ओळखले जाते. बाग आणि तळे जोडीने उभी असल्याने पावसाचे पाणी थांबते, जिरते आणि मग सावकाश नदीकडे जाते. पुण्याची गणेशखिंड बागही अशीच कृषी विद्यापीठाच्या फळबागेमुळे वाचली आणि २०२० मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

तेथून पाणचक्कीपर्यंत येताना काका गप्प झाले. महमूद दरवाजाजवळच्या पात्रात ते मुलपणी पोहलेले. डोंगराकडून मातीच्या नळांनी आणलेल्या पाण्याच्या जोरावर येथे चक्की फिरत असे आणि दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळले जाई. पाण्याने माणसे पोसली, याचा एवढा सुंदर पुरावा शहरात दुसरा नाही. पण त्याच्याच कठड्यावरून खाली पाहिले, तर गेल्या पन्नास वर्षांत आपण नदीला काय दिले तेही दिसत होते. घरांची मागची दारे, दुकानांची मागची दारे, सांडपाण्याची तोंडे, सगळी नदीकडे. लक्ष्मी समोरच्या दाराने यावी म्हणून आपण तोरण बांधतो. मागच्या दाराने काय जाते, याचा हिशेब मात्र कोणत्याच वहीत नसतो.

या हिशेबाचा दुसरा रकाना आणखी बोलका आहे. खाम शहर सोडून वाळूजच्या अंगाने पुढे जाते आणि तिचे पाणी अखेर गोदावरीच्या जायकवाडी जलाशयात, म्हणजे नाथसागरात पोहोचते. आपल्या घरांतील नळाचे पाणीही तेथूनच येते. आमची आजी पाणी गाळून झाले की गाळण्यातील जिवाणी ज्या विहिरीचे पाणी असे त्याच विहिरीत अलगद सोडत असे. जेथून घेतले तेथेच, आणि जसे घेतले तसे परत करायचे, हा तिचा नेम होता. आज आपणही जेथून घेतो तेथेच परत करतो. फक्त जे परत करतो ते सांडपाणी असते.

शेवटी आम्ही छावणीकडे जाणाऱ्या लोखंडी पुलाजवळ आलो. काही वर्षांपूर्वी येथे थांबायचे तर नाकाला रुमाल लावावा लागे. २०२१ पासून महापालिका, छावणी परिषद, वेरॉक हा उद्योगसमूह आणि इकोसत्व ही संस्था यांनी नागरिकांना सोबत घेऊन खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. पात्रातील कचरा आणि राडारोडा काढला, काठ मोकळे केले, झाडे लावली आणि लोखंडी पुलाजवळ इको पार्क उभे राहिले. त्या सकाळी तेथे आजोबा नातवाला बगळा दाखवत होते, दोन गृहिणी भरभर चालत होत्या आणि वडाच्या सावलीत काही मुले अभ्यास करीत बसली होती. पाणी अजून पिण्याजोगे झालेले नाही, हे उघड आहे. पण लोक नदीकडे पाठ करून नव्हे, तोंड करून बसले होते.

काका तेथे बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "पैसा, यंत्रे, माणसे सगळे नंतर आले. पण काठाला मोकळी जागाच उरली नसती, तर त्यांनी बाग कोठे केली असती?" मला वाटते, त्या दिवसाचे सार याच वाक्यात होते. हर्सूलचा तलाव, हिमायत बाग, छावणीची मोकळी मैदाने, यांतील एकही जागा मुळात नदीच्या बागेसाठी म्हणून राखलेली नव्हती. कोणी पाण्यासाठी, कोणी फळांसाठी, कोणी लष्करासाठी ती राखली. ती विकली गेली नाही, म्हणून आज नदीला श्वास घ्यायला जागा आहे. आता हे विखुरलेले तुकडे जोडले गेले, तरच खामकाठचे उद्यान शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाढेल. ते जोडणारे मधले तुकडे मात्र सरकारचे नाहीत. त्यांतले पुष्कळसे तुमच्या-आमच्यासारख्यांचे आहेत.

परदेशात हे कसे घडले, याचे एक उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ईल नदीच्या काठी रेडवूड वृक्षांची प्राचीन अरण्ये होती. लाकूड कंपन्या ती झपाट्याने तोडत होत्या. १९१८ मध्ये काही नागरिकांनी 'सेव्ह द रेडवूड्स लीग' ही संस्था काढली आणि वर्गणी जमवून त्या कंपन्यांकडूनच वनखंड विकत घेण्यास आरंभ केला. विकत घेतलेली जमीन ते राज्याच्या उद्यानाकडे सोपवत. लोकांना आपल्या दिवंगत आप्तांच्या नावाने एकेक वनखंड देता येई; असे पहिले स्मृतिवन १९२१ मध्ये झाले. पुढे जॉन डी. रॉकफेलर यांच्या चिरंजीवांनी मोठी देणगी दिली. असे तुकड्या-तुकड्यांनी जोडत गेलेले हंबोल्ट रेडवूड्स उद्यान आज ५० हजार एकरांहून मोठे आहे. आपल्यातही वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ धर्मशाळेची खोली, पाणपोई, पांजरपोळीतील गोठा देण्याची रीत जुनी आहे. संगमरवरी पाटीच्या जागी वडाचे झाड आणि खोलीच्या जागी नदीकाठचा एक तुकडा, एवढाच फरक करायचा आहे.

शिवाय व्यवहाराच्या दृष्टीनेही ही बाब आतबट्ट्याची नाही. आपल्या राज्यात जलसंपदा विभाग नदीच्या पूररेषा आखतो. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध असतात. मलब्याने भरून उंच केलेली जागा कागदावर सपाट दिसते. पाणी मात्र आपली जुनी वाट विसरत नाही आणि तेथून हटवले तर शेजाऱ्याच्या गोदामात शिरते. उलट विकास आराखड्यात बागेसाठी आरक्षित झालेली जमीन महापालिकेला दिल्यास मालकाला टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, मिळू शकतो आणि तो अन्य ठिकाणी वापरता अथवा विकता येतो. म्हणून काठची जागा घेण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी पूररेषेचा नकाशा आणि विकास आराखडा पाहावा, हे उत्तम.

संध्याकाळी घरी आल्यावर काकांनी जागेचा नकाशा मागवला. पेन्सिलीने उताराची एक रेघ ओढली आणि म्हणाले, "ही रेघ ओढ्याची. हिच्या आत आपण भराव टाकायचा नाही, आणि घेणाऱ्यालाही टाकू द्यायचा नाही. तसे करारात लिहा." दलालाने समजावून पाहिले. पहिला खरेदीदार परत गेला. महिनाभराने दुसरा आला. त्याने रेघेबाहेरची जागा घेतली, भाव पहिल्यापेक्षा कमी दिला. रेघेच्या आतला पट्टा आम्ही ठेवून घेतला. तेथे आजोबांनी लावलेले दोन कडुनिंब आहेत. यंदाच्या पावसात त्यांच्याजवळ एक वड लावला.

वर्षअखेरीला हिशेब करताना मी काकांना विचारले, हा पट्टा कोणत्या खात्यात दाखवायचा? त्यांनी चष्मा काढला, थोडे थांबले आणि म्हणाले, "नावेवर लिही, आणि वसुलीची तारीख पुढच्या पिढीची टाक."