पोर्टाचा वेग, तारेचा वेग

◆ डायल-अपमध्ये रस्ते दोन. संगणकापासून मोडेमपर्यंत सिरियल केबल, तिथून पुढे टेलिफोनची तार. तारेवरचा वेग दोन्ही टोकांचे मोडेम आपसांत ठरवतात. केबलवरचा आपण ठरवायचा, आणि नेमका तोच राहून जातो.

◆ ही केबल पीसीच्या ज्या पोर्टाला लागते, त्याच्या वेगाचे मूळ १.८४३२ मेगाहर्ट्‌झचा स्फटिक. त्याला १६ने भागले की सेकंदाला ११५२०० बिट. त्याला २ने भागा, ५७६००; ३ने ३८४००; ६ने १९२००. वेग निवडण्याच्या मेनूतले आकडे असे आले.

◆ ३३६००च्या मोडेमला ३८४००चा पोर्ट पुरेल असे वाटते. हिशेब मांडून पाहावा. पोर्टावर प्रत्येक बाइटला स्टार्ट आणि स्टॉप धरून १० बिट लागतात. म्हणजे सेकंदाला ३८४० बाइट. तारेवर व्ही.४२ ही चुका तपासण्याची पद्धत चालू असली की हे दोन बिट गळतात: ३३६०० भागिले ८, म्हणजे ४२००. चुका तपासण्याचा खर्च वजा केला तरी आकडा ३८४०च्या वरच. तार मोकळी, पोर्ट तुंबलेला!

◆ त्यात व्ही.४२बिस ही जोडपद्धत साधा मजकूर आवळते, फार तर चौपट. झिप आधीच आवळलेली, तिला याचा उपयोग नाही. मजकुरासाठी पोर्ट ११५२००वरच हवा.

◆ पण ११५२००वर दर ८७ मायक्रोसेकंदांनी एक बाइट येऊन उभा राहतो. पोर्ट सांभाळणाऱ्या ८२५० आणि १६४५० या चिपांत आलेला एकच बाइट थांबू शकतो. प्रोसेसरला उशीर झाला की पुढचा त्याच्यावर बसतो. व्ही.४२ची राखण तारेपुरती; केबलवर हरवलेले तिला दिसत नाही. पॅकेट पुन्हा मागवावे लागते, आणि वाढवलेला वेग उलट कमी होतो. १६५५०एमध्ये १६ बाइटांची रांग आहे. आधी चिप पाहावी, मग आकडा वाढवावा.

◆ संगणक आणि मोडेम यांना एकमेकांना ‘थांब’ म्हणण्यासाठी केबलमध्ये आरटीएस-सीटीएसच्या तारा. त्या नसलेली केबल वापरू नये.

◆ पडद्यावर ‘कनेक्टेड ॲट ११५२००’ आले म्हणून हरखू नये. तो पोर्टाचा आकडा. तारेचा खरा वेग पुष्कळ मोडेम डब्ल्यू२ ही आज्ञा दिल्यावर सांगतात.

◆ व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ला लोकांसाठी इंटरनेट खुले केले, ते तासांच्या हिशेबाने. ३३६००चा मोडेम १९२००च्या पोर्टावर राहिला, तर विकत घेतलेल्या तासांतले निम्म्याहून अधिक वाया जात. ते वाचवायला नवे यंत्र लागत नसे. कंट्रोल पॅनेलमधली एक ओळ बदलली की झाले.