किल्ल्यांचा जुडगा

गेल्या पावसाळ्यात पिरंगुटच्या माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ झोप लागत नाही म्हणून आले. वय चौऱ्याहत्तर. चाळीस वर्षांपूर्वी एका लेथवर सुरू केलेला त्यांचा कारखाना आता मुलगा पाहतो. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) रक्तदाब मोजला, तो १७०/१०० निघाला. ‘‘मी दोन वर्षांपूर्वीच सगळं सोपवलंय, डॉक्टर. आता डोक्याला कसला ताप नाही,’’ असे ते म्हणाले. सोबत आलेल्या वहिनी शांतपणे उत्तरल्या, ‘‘रात्री अकराला वॉचमनला फोन करून शटर ओढलं का, ते विचारतात. चेकबुक अजून यांच्याच खिशात आहे.’’ खिशाकडे मी पाहिले. खरोखरच होते.

कारभार सोडणे आणि कारभारातून मन सोडवणे यांत किती अंतर असते, हे आमच्या मुळशी तालुक्यात दर आठवड्याला पाहायला मिळते. एकेकाळी भातखाचरांचा असलेला हा तालुका. पिरंगुटला कारखाने उभे राहिले, हिंजवडीला माहिती तंत्रज्ञानाची नगरी वसली, आणि ते उद्योग उभारणारी पहिली पिढी आता माझ्या तपासणीच्या टेबलावर येऊ लागली आहे. मधुमेह, गुडघे, प्रोस्टेट या तक्रारी घेऊन ती येते. खरी तक्रार बहुधा शेवटी, उठता उठता सांगितली जाते.

मोठ्या उद्योगांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. डॉ. आनंद देशपांडे यांनी अमेरिकेतून परतून १९९० साली पुण्यात ‘पर्सिस्टंट सिस्टीम्स’ सुरू केली. २०१९ साली, साठी गाठण्याआधीच, त्यांनी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे काम बाहेरच्या व्यक्तीकडे दिले, आणि २०२० साली पुन्हा दुसऱ्याकडे. स्वतः ते अध्यक्ष म्हणून राहिले, आणि ‘दे आसरा’ या संस्थेतून लहान उद्योजकांना उभे करण्याच्या कामालाही त्यांनी हात घातला. मला यातली वेळ महत्त्वाची वाटते. प्रकृती धडधाकट असताना, दुसऱ्याची निवड चुकली तर ती सुधारता येईल इतका अवकाश हाती असताना त्यांनी हे केले. ‘थरमॅक्स’च्या अनु आगा यांनी २००४ साली अध्यक्षपद कन्येकडे सोपवले आणि शिक्षणाच्या सामाजिक कार्यात त्या रमल्या. याउलट नारायण मूर्तींचे पाहा. १९८१ साली पुण्यात जन्मलेल्या ‘इन्फोसिस’मधून ते २०११ साली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, निवृत्त झाले. कंपनी अडचणीत आली म्हणून २०१३ च्या जूनमध्ये त्यांना परत यावे लागले आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा बाहेर पडले. एवढा शिस्तीचा माणूस, तरी पाऊल एकदा मागे वळलेच. तेव्हा तुमच्या घरातील आजोबा दुकानात ‘सहज’ डोकावू लागले, तर त्यांच्यावर फार रागावू नका.

हे मी कोणत्या अधिकाराने सांगतो? अधिकार नाहीच, फक्त एक चूक पदरी आहे.

आमच्या वडिलांची, अण्णांची, पौडला भातगिरणी होती. आंबेमोहोराचा दाणा दाताखाली फोडून तो किती वाळला आहे, हे ते सांगत. गिरणीत घालावा की आणखी एक दिवस उन्हात ठेवावा, हा त्यांचा शब्द शेवटचा असे. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी एकाच व्यापाऱ्याला एकच रक्कम दोनदा दिली. पुढच्या महिन्यात एका शेतकऱ्याची पोती दुसऱ्याच्या नावावर लिहिली. धाकटा भाऊ संतापला. त्या रात्री जेवणाच्या पानावर आम्ही दोघांनी विषय काढला, आणि मी, घरातला डॉक्टर, म्हणालो, ‘‘अण्णा, आता वय झालं. किल्ल्या इकडे द्या.’’ त्यांनी कडदोऱ्याला बांधलेला जुडगा सोडला, ताटाशेजारी ठेवला आणि भात अर्धा टाकून ते उठले.

त्यानंतर ते गिरणीकडे फिरकले नाहीत. भूक मंदावली. पाय बधिर होतात, असे ते आईजवळ म्हणत. मला सांगत नसत. चार महिन्यांनी मी त्यांचे रक्त तपासायला पाठवले. ब-१२ जीवनसत्त्व फार कमी होते. अण्णा शुद्ध शाकाहारी होते आणि मधुमेहासाठी कित्येक वर्षे मेटफॉर्मिन घेत होते. अशा कोणत्याही दुसऱ्या रुग्णाची ही तपासणी मी पहिल्याच भेटीत लिहून दिली असती. इंजेक्शने सुरू केली. पायांचा बधिरपणा कमी झाला, हिशेबातला गोंधळही बराच निवळला. भावाने जुडगा पुढे केला. अण्णांनी हात मागे घेतला. ‘‘राहू दे तुझ्याकडेच,’’ एवढेच म्हणाले.

म्हणून माझी विनंती ऐका. घरातील वडीलधारी व्यक्ती एकच बिल पुन्हा भरू लागली, अनेक वर्षांच्या सवयीचा हिशेब जमेनासा झाला, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळली, तर ती स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. पण किल्ल्या मागण्याआधी डॉक्टरकडे न्या. ब-१२, थायरॉइड, रक्तातील साखर व सोडियम, कान, डोळे, झोपेच्या गोळ्या, हे सारे पाहायला हवे. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपण किती सहज विसराळू ठरवतो! नैराश्यही वार्धक्यात रडून दिसेलच असे नाही. ते अंगदुखी, अपुरी झोप, घटते वजन आणि ‘आता माझा काय उपयोग’ या वाक्यातून बोलते. आणि हो, कोणतेही औषध, मेटफॉर्मिनसुद्धा, हा लेख वाचून स्वतःहून बंद करू नका.

सोपवणाऱ्यांनाही एक सांगतो. दिवस ठरवा, तोही प्रकृती चांगली असताना. छातीत दुखल्यावर अतिदक्षता विभागात सह्या करण्याची पाळी आणू नका. बँकेचे व्यवहार आधी काही महिने जोडीने करा. काय सोडणार आणि काय ठेवणार, हे मुलांसमोर उच्चारून सांगा. सुनेला आणि मुलीलाही त्या बैठकीत बसवा, कारण पुढची सेवाशुश्रूषा बहुधा त्यांच्याच वाट्याला येते आणि निर्णय मात्र त्यांना कोणी विचारत नाही. मुलांनी सल्ला विचारायचा असेल तर खरा विचारावा; आधीच घेतलेल्या निर्णयावर मान डोलावून घेणे म्हाताऱ्यांना बरोबर कळते.

ते लेथवाले गृहस्थ मागच्या महिन्यात पुन्हा आले. रक्तदाब १४०/८४. गोळी चालूच आहे, ती चालू राहील. शनिवारी सकाळी दोन तास ते कारखान्यात जाऊन नव्या पोरांना टूलला धार कशी लावायची ते शिकवतात; मुलानेच तसे सुचवले. चेकबुक कुठे आहे, असे मी विचारले. ‘‘कपाटात,’’ ते म्हणाले. वहिनींनी माझ्याकडे पाहिले आणि सांगितले, ‘‘कपाटाची किल्ली खिशात आहे.’’