उंच गाडीची थरथर

हौसेला मोल नसते म्हणतात. पण हौसेचे बिल मात्र येतेच. पिकअप गाडी उंच करून घेण्याच्या हौसेत तर खरे बिल पुष्कळदा गाडी गॅरेजमधून घरी आल्यानंतरच सुरू होते.

आपल्याकडे पिकअप म्हणजे भाजीपाला, दूध, सिमेंट वाहणारी गाडी. पुढे २०१६ मध्ये इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स भारतात आली आणि अशा गाड्यांमुळे ही हौस शहरी घरांतही शिरली. डोंगरवाटेवर गाडीचे पोट दगडाला घासू नये, मोठे टायर बसावेत, चारचौघांत ती उठून दिसावी म्हणून मग ती दोन-तीन इंच वर उचलून घेतली जाते.

त्यानंतर काही दिवसांतच अशा घरांत एक संवाद ऐकू येऊ लागतो.

"अहो, सीटखाली काहीतरी थरथरतंय."

"अगं, टायर नवे आहेत. चार दिवसांत बसतील."

चार दिवस जातात, चार महिने जातात. थरथर जात नाही. उलट बायकोलाच 'तुला उगीच भास होतात' असे ऐकावे लागते. वास्तविक, स्टिअरिंग धरणाऱ्याचे लक्ष रस्त्यावर असते. शेजारी बसणाऱ्याला गाडीतला बदल आधी जाणवला तर त्यात नवल काय?

ही थरथर येते कुठून? इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडून मागच्या आसापर्यंत एका लांब पोलादी नळीने जाते. तिला प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांना वाकून फिरू शकणारे सांधे असतात, मेकॅनिक ज्यांना 'क्रॉस' म्हणतात. असा सांधा तिरका फिरला की अलीकडची बाजू एकसारखी फिरत असली तरी पलीकडची बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग घेते आणि दोनदा मंदावते. कोन जितका जास्त, तितके हे हिसके मोठे. मात्र दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर एका सांध्याचा हिसका दुसरा सांधा पुसून टाकतो. कंपनीतून निघालेल्या गाडीत हे गणित जुळवलेले असते. गाडी उंच केली की गिअरबॉक्स वर जातो, मागचा आस खालीच राहतो. दोन्ही कोन वाढतात आणि पाट्यांखाली ठोकळे बसवताना आस जरासा कलला तरी ते सारखेही राहत नाहीत.

म्हणूनच काम सुरू होण्याआधी हे कोन मोजून कागदावर लिहून ठेवावेत आणि काम झाल्यावर पुन्हा मोजावेत. गाडी सपाट जमिनीवर, आपल्या चाकांवर उभी असावी. जॅकवर लटकत असताना घेतलेले माप फसवे असते. प्रत्येक सांध्याचा कोन तीन अंशांच्या आसपास आणि दोन्ही टोकांतला फरक एका अंशाच्या आत, हा साधारण ठोकताळा. फरक जास्त निघाला तर पाटे आणि आस यांच्यामध्ये निमुळती पोलादी पाचर बसवून आसाचे तोंड वळवता येते. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधले बेअरिंग थोडे खाली घ्यावे लागते; नाहीतर गाडी जागेवरून निघतानाच हादरते. शाफ्ट सोडवण्यापूर्वी दोन्ही भागांवर रंगाची खूण करावी, म्हणजे तो पुन्हा पहिल्यासारखाच जोडला जातो. उंचीमुळे त्याचा सरकता भाग फार बाहेर आलेला नाही ना, हेही पाहावे.

थरथर टायरची की शाफ्टची, अशी शंका असल्यास मोकळ्या रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबून आणि सोडून पाहावे. त्यासरशी थरथर बदलली तर संशय शाफ्टवर. पाय उचलूनही त्या वेगाला ती तशीच राहिली तर आधी टायरचे बॅलन्सिंग तपासावे.

दुर्लक्ष मात्र महागात पडते. सांध्यांची बेअरिंग झिजतात, ऑइल सील गळू लागतात आणि अगदी वाईट प्रसंगी शाफ्ट चालत्या गाडीखाली निखळतो. त्याच गाडीत मागच्या सीटवर मुले बसलेली असतात.

आणखी एक गोष्ट. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाजोगते फेरफार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी आरटीओत आणि विमा कंपनीकडे चौकशी करणे शहाणपणाचे. नाहीतर अपघातानंतर भरपाई मागताना अडचण येऊ शकते.

एवढे करूनही हौस कायम असली तर ती जरूर पुरवावी. फक्त गॅरेजवाल्याला 'किती इंच उंच कराल?' असे विचारण्याआधी 'आधी आणि नंतर कोन मोजून द्याल का?' असे विचारावे. या प्रश्नावर जो हसेल, त्याच्या हाती गाडीची किल्ली न देणेच बरे.