प्लेझाँस ते पोर्ट लुई

मॉरिशसचे विमानतळ राजधानीपासून लांब आहे. बेटाच्या आग्नेय टोकाशी, प्लेझाँस येथे, उसाच्या मळ्यांच्या शेजारी विमाने उतरतात. पोर्ट लुई मात्र वायव्य किनाऱ्यावर. मधले अंतर ४५ किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे गावात जायचे तर जवळजवळ अख्खे बेट तिरके ओलांडावे लागते. बाहेर येताच टॅक्सीवाले पुढे होतात. थोडे चालून गेले की बसथांबा लागतो, आणि तिथे येणाऱ्या बसचे तिकीट टॅक्सीच्या भाड्यापुढे नगण्य असते.

ही बस विमानतळासाठी सोडलेली नसते. माहेबूर या जुन्या बंदराच्या गावाहून ती निघते, वाटेत विमानतळाकडे वळते आणि रोझ बेल, क्युरपीप करत राजधानीकडे जाते. म्हणून तिच्यात सामानासाठी वेगळी जागा नसते. मोठी पेटी घेऊन चढणाऱ्याची अडचण होते आणि त्याच्यामुळे इतरांचीही. एक पाठपिशवी असेल तर सगळे सोपे. कंडक्टर जागेवर येऊन तिकीट देतो. ते उतरेपर्यंत जपून ठेवायचे, कारण तपासनीस मध्येच चढतो. पैसे सुटे असावेत. गावाकडच्या मार्गांवर संध्याकाळी साडेसहा-सातनंतर बस मिळणे कठीण, तेव्हा रात्रीच्या विमानाने येणाऱ्याने तिच्या भरवशावर राहू नये.

बस रस्त्याला लागली की दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो. मळ्यांच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग दिसतात, काही तर घराएवढे उंच. हे बेट ज्वालामुखीतून वर आलेले. लागवडीसाठी जमीन मोकळी करताना निघालेले दगड मजुरांनी हातांनी उचलून रचले, त्यांचेच हे ढीग. बसच्या खिडकीतून ते अगदी जवळून, एकामागून एक जातात. या बेटावर किती अंगमेहनत झाली हे सांगायला त्याहून बोलका पुरावा सापडणे अवघड.

रोझ बेलनंतर चढ लागतो. क्युरपीप समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास आहे. किनाऱ्यावर ऊन असताना तिथे धुके आणि भुरभुर पाऊस असतो. किनाऱ्यावर दुमडलेल्या सदऱ्याच्या बाह्या इथे खाली ओढाव्या लागतात. क्युरपीपच्या स्थानकावर पोटाची सोय होते. मोपेडच्या मागे काचेची पेटी बांधलेला विक्रेता दालपुरी विकतो. हरभऱ्याची डाळ शिजवून, हळद घालून भरलेली ही पोळी पुरणपोळीची बिनगुळाची बहीण शोभावी. ती जोडीने मिळते. आत ‘रुगाय’ नावाचा टोमॅटोचा रस्सा आणि पांढऱ्या वालाची उसळ पसरून, गुंडाळी करून, कागदात बांधून हातात येते. कागद लगेच तेलकट होतो. शेजारी ‘गातो पिमा’ असतात, म्हणजे आपले डाळवडेच, मिरची जास्त.

पूर्वी याच गावांतून आगगाडी जात असे. पोर्ट लुई ते माहेबूर हा लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला आणि प्रवासी गाड्या १९५६ मध्ये थांबल्या. त्यानंतर बसनेच बेट सांभाळले. आता क्युरपीपपासून पोर्ट लुईपर्यंत मेट्रोही धावते; २०२२ मध्ये ती क्युरपीपला पोहोचली, आणि घाई असलेला माणूस इथे बस सोडून तिच्यात बसतो. पण मेट्रो दाट वस्तीच्या पट्ट्यातून जाते. उसाच्या कडेच्या गावांना अजून बसच आहे.

मॉरिशसच्या माणसाचे आयुष्य या बसमध्ये टप्प्याटप्प्याने दिसते. २००५ पासून विद्यार्थ्यांना आणि साठी ओलांडलेल्यांना बसप्रवास मोफत आहे. गणवेशातली मुले चढतात, ओळखपत्र दाखवतात आणि घोळक्याने मागे जाऊन बसतात. तीच मुले काही वर्षांनी तिकीट काढू लागतात, कारखान्याच्या किंवा हॉटेलच्या पाळीला जातात, आणि म्हातारपणी पुन्हा कार्ड दाखवून पुढच्या बाकावर येतात. मधली चाळीसेक वर्षे तेवढी पैशाची. परदेशी प्रवाशाला ही बस स्वस्त वाटते ती याच लोकांमुळे: भाडे त्याच्यासाठी ठरवलेले नाही, त्यांच्यासाठी ठरवलेले आहे. ही गोष्ट कृतज्ञतेने लक्षात ठेवावी आणि पुढच्या बाकावरची जागा म्हाताऱ्यांना सोडावी.

बसमधली भाषा क्रिओल. ‘बोंझूर’ म्हटले की कंडक्टरही ‘बोंझूर’ म्हणतो. पण प्रवाशांत मराठी घराण्यांतलेही कोणी असू शकते. त्यांचे पूर्वज, बरेचसे रत्नागिरीकडचे, मुंबई बंदरातून करारावर मजुरीला आले. भाषा बहुतेक घरांतून क्रिओलला वाट देऊन मागे सरली, तरी शाळांत मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला सबंध देशाला सुट्टी असते.

शेवटी बस उतारावरून राजधानीत उतरते आणि व्हिक्टोरिया स्थानकात थांबते. हे नाव जुन्या रेल्वे स्थानकाचे. तिथून बंदराच्या कडेने पायी पंधरा-वीस मिनिटांवर आप्रवासी घाट आहे, करारावरच्या मजुरांना उतरवून घेण्याचा जुना तळ. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजाने ३६ मजूर या बेटावर आणले. त्यांच्यामागून साडेचार लाखांच्या आसपास माणसे आली. १८४९ साली बांधलेल्या या तळावर त्यांची नोंद होई आणि तिथूनच त्यांना मळ्यांकडे धाडले जाई. २००६ मध्ये युनेस्कोने घाटाला जागतिक वारसा ठरवले. ते लोक बोटीतून उतरून ज्या दगडी पायऱ्या चढले, त्या अजून जागेवर आहेत.