'म्हणे' या अव्ययाविषयी

सुदुंबऱ्यास संताजी महाराज जगनाड्यांच्या समाधीवर माथा टेकून परतताना, लॅटिन गद्य मराठीत आणण्याच्या माझ्या कामात कित्येक महिने अडून राहिलेले एक वाक्य मला दर खेपेस आठवते. तुकोबांच्या मुखातून निघालेला अभंग त्यांच्याच पाठीशी टाळ धरून उभ्या असलेल्या संताजींनी वहीत उतरवला. लिहिणारा आणि ज्याचे लिहावयाचे तो, असे दोघेही एकाच विठ्ठलाचे होते. त्या वह्यांवरूनच पुढे वि. ल. भाव्यांनी 'अस्सल गाथा' छापला. माझ्या मेजावरच्या ग्रंथात मात्र लिहिणारा ज्युलियस सीझर, म्हणजे गॉल देशावर मुलूखगिरीस निघालेला सेनापती, आणि ज्यांच्याविषयी लिहिले ते द्रुइद पुरोहित आपली विद्या लेखणीच्या हवाली न करण्याचा नेम पाळणारे. त्यामुळे या प्रकरणी फिर्याद तेवढी दप्तरी दाखल आहे, कैफियत नाही.

आपल्या हकिकतीच्या सहाव्या, म्हणजे इ. स. पूर्व ५३ सालच्या भागात सीझर सांगतो की, द्रुइदांचे शिष्य पुष्कळ पद्ये मुखोद्गत करतात, कित्येक तर वीस वीस वर्षे गुरूपाशी राहतात. आणि या पाठांतराच्या निरुपद्रवी गोष्टीला तो 'दिकुन्तुर' हे क्रियापद लावतो. त्याला आमच्या मराठीत नेमका शब्द आहे, 'म्हणे'. परंतु पुढे दोनच प्रकरणांनंतर, वेताच्या प्रचंड आकृतींत जिवंत माणसे कोंबून त्या पेटवल्या जातात हे सांगताना तो 'म्हणे' नाहीसा होतो, आणि साधा वर्तमानकाळ येतो, जणू लेखक त्या ज्वाळेसमोर उभा आहे. आग कोण लावतो तेही वाक्य सांगत नाही, पेटवल्यावर, एवढेच. आणि वाक्याचा शेवटचा शब्द 'होमिनेस', माणसे.

शंभरेक वर्षांनी ल्युकन कवीने मासिलियाजवळच्या देवराईचे वर्णन केले. तिच्या फांदीवर पाखरू बसण्यास भिते, वारा नसता पाने थरथरतात, झाडाझाडाला नररक्ताचे शिंपण. ते वाचून अंगावर काटा येतो खरा, पण कवीची आरास ओळखूही येते. सीझरचे रुक्ष वाक्य ओळखू येत नाही, आणि म्हणून मी त्यालाच अधिक जोखमीचे मानतो. द्रुइदांनी नरबळी दिलेच नाहीत, असे माझे म्हणणे नाही. साक्षीदाराने आपण कोठे उभे होतो हे लपवले, एवढेच म्हणणे आहे.

शब्दांची निवड त्याहून कठीण. 'नरमेध' लिहावे तर वाचक वैदिक यज्ञमंडपात जाऊन बसतो. 'अघोरी प्रकार' लिहावे तर निवाडा मीच करून मोकळा होतो. आजारातून उठण्यासाठी देवाला जीव कबूल करणाऱ्या गॉलांची ती क्रिया कार्ल्याच्या एकवीरेला बोकड बोलणाऱ्या आमच्या मावळातल्या माणसाला एका शब्दात समजेल, आणि तो शब्द 'नवस'. तोच मी घेतला.

मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून 'होमिनेस' जागेवर राहीना. अखेर 'प्राण जातात ते माणसांचे' अशी रचना केली. पाठांतराच्या वाक्यात 'म्हणे' ठेवले आहे. दहनाच्या वाक्यात घालण्याचा मोह पुष्कळ झाला, परंतु मुळात नव्हते, म्हणून घातले नाही. वाचकाने ती रिकामी जागा पाहावी.