मंडळीत राहून मोकळं असणं

चि. सोनू हिस,



तुझं पत्र सावकाश वाचलं. ख्रिस्तावर श्रद्धा ठेवायला तुझी ना नाही, पण मंडळीचं सभासद होणं तुला आपणहून गळ्यात दावं बांधून घेण्यासारखं वाटतं. तू लिहितेस की मंडळीत आपलेपणा मिळतो तो मुकाट्याने मान डोलावणाऱ्यालाच. काम मिळतं ते फार तर खुर्च्या मांडण्याचं आणि नाताळची वर्गणी गोळा करण्याचं, आणि स्वतःचं डोकं चालवायचं असेल तर ते घरी ठेवून यावं लागतं. हे अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. माझा वाद तुझ्या निष्कर्षाशी आहे. आपलेपणा वाढला की स्वातंत्र्य घटणारच, असं तू धरून चालली आहेस. मला वाटतं, जिथे भांडता येत नाही तिथे मिळतो तो नुसता आसरा. त्याला आपलेपणा म्हणू नये. आणि भांडायचं बळ येतं ते स्वतःच्या जबाबदारीचं काम अंगावर असल्यामुळे. याची साक्ष आपल्याच मराठी ख्रिस्ती इतिहासात आहे. पंडिता रमाबाई आणि नारायण वामन टिळक यांची नावं आपण उपासनेत इतक्या भक्तिभावाने घेतो की ही दोघं मंडळीच्या कारभाऱ्यांशी किती भांडली हे विसरूनच जातो.

रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या तेव्हा त्या पंचविशीत होत्या, आणि आपलं म्हणावं असं मागे फारसं कुणी उरलं नव्हतं. लहानपण वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर तीर्थयात्रेत गेलेलं. आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षं पुरी होण्याआधी पती बिपिनबिहारी मेधावीही गेले. बरोबर मनोरमा, दोन वर्षांची. कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या होत्या, पण जातीबाहेर लग्न केलेल्या या विधवेला बसवायचं कुठे हे त्याच विद्वत्समाजाला कळत नव्हतं. अशा बाईला वाँटेजच्या सेंट मेरीच्या भगिनींनी घरात घेतलं. तू म्हणशील, एकाकी माणूस ज्याने दार उघडलं त्याचाच होणार, यात नवल काय? पण पुढे 1907 साली आपली साक्ष लिहिताना रमाबाईंनी वेगळंच कारण दिलं आहे. लंडनमध्ये फुलहॅमला या भगिनींचं एक घर होतं. समाजाने टाकून दिलेल्या बायका तिथे राहत, आणि भगिनी त्यांची सेवा करत. हे कशासाठी करता, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली. आधी काम दिसलं, त्यामागचं कारण नंतर कळलं आणि सिद्धान्त त्याच्याही मागून आले. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आणि भांडणं सुरू झाली. त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डीन हिने दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंना ती संस्कृतात हवी होती. माझ्या देशभगिनींना लॅटिन कळत नाही आणि लॅटिन काही जास्त पवित्रही नाही, असा त्यांचा सरळ मुद्दा होता. अंडं घातलेलं पक्वान्न त्यांनी नाकारलं तेव्हा भगिनींना त्यात जातीचा ताठा दिसला. रमाबाईंनी उलट विचारलं, की हिंदू घरात राहायला गेलेली इंग्रज बाई आपल्या खाण्यापिण्याच्या सवयी सोडत नसेल तर तिलाही तुम्ही अहंकारी म्हणाल का? (हे वाचताना मला दर वेळी हसू येतं. बिचाऱ्या भगिनींनी पाहुणी म्हणून एक नम्र नवशिष्या मागितली असेल, आणि घरात आली ती अनंतशास्त्र्यांची लेक.) त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांनी शंकांमागून शंका काढल्या. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं भारतातल्या बिशपांनी कळवलं, तेव्हा आपल्या सदसद्विवेकाचा निवाडा दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही हे त्यांनी लेखी सांगितलं. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडात मान घालायची त्यांची तयारी नव्हती. महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र त्यांच्या प्रश्नांना लांबलचक, बरोबरीच्या नात्याने उत्तरं लिहिली. या वादातून रमाबाईंनी ख्रिस्त सोडला नाही, आणि भगिनींनीही त्यांना सोडलं नाही. मनोरमा वाँटेजला राहून शिकली, पत्रं वर्षानुवर्षं चालू राहिली. आणि ती जपली कुणी, तर जिला या वादांचा सर्वांत जास्त मनस्ताप झाला त्या जेराल्डीननेच. 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती छापली. इतका विरोध पचवून टिकलेल्या नात्याला दुसरं काय नाव द्यायचं?

तुझी हरकत मला इथूनच ऐकू येते: रमाबाईंची गोष्ट वेगळी, त्या थोर होत्या, त्यांच्यामागे पैसा होता. हे खरं आहे, आणि माझ्या युक्तिवादातला हाच भाग आपल्या मंडळ्यांना सर्वांत अडचणीचा वाटतो. 1887 साली बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि दहा वर्षं मदत देण्याचं तिने कबूल केलं. त्या संस्थेत निरनिराळ्या पंथांचे लोक होते, कुठल्याही एका चर्चची ती नव्हती. त्या बळावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठीचं शारदा सदन उघडलं. त्याची धोरणं कुणा बिशपच्या कचेरीत ठरणार नव्हती. श्रद्धा आणि तिजोरी यांचं नातं बोलायला आपल्याला संकोच वाटतो, पण मंडळीतलं स्वातंत्र्य पुष्कळदा तिथेच ठरतं. टिळकांनी हे ओळखलं होतं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर ते अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी अहमदनगरला आले. ते मिशन होतं काँग्रेगेशनल पंथाचं, म्हणजे तत्त्वतः प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपण पाहायचा आणि आपला पाळक आपण निवडायचा. पण पगार मिशनरी देत, त्यामुळे कागदावरची ही लोकशाही महिनाअखेरीला लंगडी व्हायची. 1917 साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेलेही ख्रिस्ताचे शिष्य एकत्र यावेत अशी त्यांची योजना होती. सभासदाच्या यादीत नाव आहे म्हणून आत आणि नाही म्हणून बाहेर, ही रेघच त्यांनी पुसायला घेतली. दोन वर्षांनी, 9 मे 1919 रोजी ते गेले, आणि तो प्रयोग फार पुढे गेला नाही. तरी तो मंडळीवर रुसून घरी बसलेल्या माणसाचा प्रयोग नव्हता, हे ध्यानात घे.

पगार सोडण्याच्या कितीतरी आधी टिळकांनी मंडळीला आणखी एक मोकळीक दिली होती. परदेशी चालींत कशीबशी बसवलेली भाषांतरित गीतं गाणाऱ्या लोकांना त्यांनी अभंग, ओवी आणि कीर्तन दिलं. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, हे ते उघडपणे सांगत. ‘उपासना संगीत’मधून त्यांची गीतं काढली तर आपली उपासना अर्धीमुर्धी मुकी होईल. गावकुसाबाहेरून आलेल्या एखाद्या आजीबाईला अक्षरओळख नसली तरी भजन तोंडपाठ असे, आणि ते म्हणताना ती कुणाची शिष्या नसे. आपलेपणाचा हा प्रकार तुझ्या हिशेबात आलेलाच नाही. तू आपलेपणा म्हणजे इतरांनी आपल्याला स्वीकारणं असं धरतेस, आणि मग त्या स्वीकाराची किंमत मोजत बसतेस. ज्या भाषेत माणूस रडतो त्याच भाषेत त्याला प्रार्थना करता यावी, एवढ्यासाठी टिळक झिजले.

आता तुझा खरा अवघड प्रश्न. उपाशी मुलीला आधी भाकरी द्यायची आणि मग बाप्तिस्मा, यात तिचं स्वातंत्र्य कुठे आलं? ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा आपल्या आजी-आजोबांच्या पिढ्यांनी पुष्कळ ऐकला. 1893 साली शारदा सदनात याच मुद्द्यावरून वादळ झालं. सदनात धर्मप्रसार करायचा नाही असं ठरलेलं असताना मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, असा आरोप झाला. ‘केसरी’ने झोड उठवली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. माझ्या मते रानड्यांची शंका रास्त होती. ज्याच्या हातात ताट आहे त्याने दार नुसतं उघडं ठेवलं तरी उपाशी माणसावर दडपण येतंच, आणि रमाबाईंना हे पुरतं दिसलं असं मला वाटत नाही. पण याच सदनाच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. बालविधवा म्हणून आल्या, शिकल्या, आणि 1893 मध्येच धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून गेल्या. हिंदूच राहिल्या. पुढे 1896-97 आणि 1900 च्या दुष्काळांत रमाबाईंनी मध्य प्रांतातून, गुजरातेतून शेकडो मुलीबाया केडगावला मुक्ती सदनात आणल्या. तिथे त्यांना शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना अशी कामं मिळाली. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं जाई. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, आणि त्याचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं या बायका करत. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये निघालं. दुष्काळातून आलेल्या मुलीने बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी ती पूर्ण मोकळी होती असा दावा मी करणार नाही. मी एवढंच विचारीन, की भूक भागल्यावर तिच्या हाती काय उरलं? अक्षर, कसब आणि स्वतःच्या मिळकतीची सोय. उद्या तिला मंडळी सोडायची असती तरी ती सोडू शकली असती इतकं देऊन ठेवलेलं होतं. जी सोडून जाण्याची ऐपत देते आणि तरी जिच्यात माणसं राहतात, अशी मंडळी मला विश्वासार्ह वाटते.

एका बाबतीत मात्र तुला निर्विवाद मान्यता. नवा आपलेपणा जुना तोडून मिळतो, आणि त्याची किंमत बहुधा घरातली दुसरीच कुणी मोजते. टिळकांच्या बाप्तिस्म्याने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात उद्ध्वस्त झाला. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो 1900 साली. मधल्या काळात त्या काही वर्षं नातेवाइकांकडे राहिल्या, मग नवऱ्याकडे आल्या तरी सोवळंओवळं सांभाळून होत्या. जात गेली ती नवऱ्याच्या हुकमाने गेली नाही. त्यांनी स्वतःशी वाद घालून ती उतरवली. म्हणूनच नवऱ्याचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुरं करण्याचं धाडस फारशी शाळा न शिकलेल्या या बाईला झालं असावं, आणि ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात मिशनच्या माणसांना चिमटे काढतानाही त्यांचा हात अडखळत नाही.

राहता राहिली बाबासाहेबांची टीका, आणि तिच्यापुढे मला निम्मीच उत्तरं सुचतात. भारतीय ख्रिस्ती समाजावर लिहिताना त्यांनी म्हटलं आहे, की शिकलेला ख्रिस्ती वर्ग अन्यायाविरुद्ध उठत नाही, आणि मंडळी माणसाला त्याच्या पापाबद्दल सांगते पण त्याला चिरडणाऱ्या परिस्थितीबद्दल गप्प बसते. अहमदनगर भागातले बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजांतून आले. एकाच मेजावर प्रभुभोजन घेणाऱ्या या लोकांत सोयरिकीच्या वेळी जुनी जात कशी डोकं वर काढते हे तुला सांगायला नको. त्यात 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 साली त्या शिखांना मिळाल्या, 1990 साली बौद्धांना. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. मग कित्येकांना कागदावर एक आणि रविवारी दुसरं असं जगावं लागतं. अशा माणसाला मंडळीतल्या मोकळेपणावर व्याख्यान देण्याचा अधिकार आपल्याला नाही. बाबासाहेबांना रमाबाई हे एक उत्तर आहे, कारण फुलहॅमपासून केडगावपर्यंत त्यांनी आत्मा आणि परिस्थिती वेगळी काढली नाही. पण एका रमाबाईने सगळ्या समाजाचं कर्ज फिटत नाही. मिशनरी गेले, त्यांनी मागे ठेवलेल्या जमिनी, शाळा, दवाखाने आता आपल्या हातात आहेत, आणि पगाराची दोरी ओढणारे आपलेच लोक आहेत. टिळकांनी 1917 साली पगार सोडून विचारलेला प्रश्न आता आपण आपल्यालाच विचारायचा आहे. पण वार्षिक सभेत हिशेब मागायला उठणाऱ्या बाईकडे ‘हिची श्रद्धा कमी पडली’ अशा नजरेने पाहिलं जातं. ती सभासदच नसेल तर तिला उठताही येणार नाही, एवढंच माझं म्हणणं.

सिस्टर जेराल्डीनने जपलेल्या त्या पत्रांचं पुस्तक तुझ्या गावच्या ग्रंथालयात मिळालं तर आण. इंग्रजी आहे, जाड आहे, मधली काही पानं ईश्वरविद्येच्या खलात रुक्ष झाली आहेत, ती उलटलीस तरी चालेल. रमाबाई आणि मिस बील यांची पत्रं मात्र सोडू नकोस. आईला सलाम सांग.

तुझी,
मोठी मावशी